मूळ मोनोग्राम भंगारात टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरला की महाराष्ट्रातल्या शहरांमधून जुन्या मोटारसायकलींचे मेळावे सुरू होतात. जावा-येझदीवाले तर भर पावसात, जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आपला दिवस साजरा करतात. गाड्यांचा रंग, क्रोम, सीटचं कव्हर पाहून डोळे निवतात. पण टाकीजवळ जाऊन पाहिलं, तर निम्म्याहून अधिक गाड्यांवर बाजारातून आणलेला नवा मोनोग्राम, म्हणजे कंपनीच्या नावाचा बिल्ला, दिसतो. कडा बोथट, अक्षरं जाडसर आणि टाकीच्या गोलाईपासून एका बाजूला उचललेला. मूळ मोनोग्राम होता कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पेंटरकडे हरवला, प्लेटिंगला विरघळला, काढताना तुटला. हे तिन्ही प्रकार टाळता येतात. त्यासाठी काय करायचं, ते नेमकेपणाने कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची आहे. मोनोग्राम हे शेवटचं काम मानलं जातं. गाडी रंगून येते, इंजिन चढतं, आणि रॅलीच्या आदल्या रात्री डबा उघडून मोनोग्राम शोधला जातो. तेव्हा कळतं, की टाकीतल्या स्क्रूच्या घरात (आटे असलेल्या भोकात) रंग आणि लांबी (पोचे भरायची पुट्टी) भरली आहे किंवा मागची खुंटी मोडली आहे. मग कोणीतरी एम-सील काढतो. मोनोग्रामचं काम टाकी पेंटरकडे जाण्याच्या आधी सुरू व्हायला हवं आणि प्रायमरच्या आधी एकदा पुरतं बसवून पाहायला हवं.

काढण्यापासून सुरुवात करू. काढण्याआधी समोरून आणि बाजूने फोटो घ्या. टाकीवर बटर पेपर चिकटवून मोनोग्रामची बाह्यरेषा आणि स्क्रूंची जागा उतरवा. त्याच कागदावर टाकीची खालची शिवण आणि पुढच्या बोल्टचं भोक यांपासूनची अंतरं मिलिमीटरमध्ये लिहा. दुसऱ्या बाजूचा मोनोग्राम आधीच गेला असेल, तर हाच कागद उलटा करून तिकडची जागा मिळते. डावा-उजवा मोनोग्राम दिसायला सारखा असला तरी टाकीची गोलाई वेगळी असते आणि इतक्या वर्षांत तो आपल्या बाजूला बसलेला असतो. म्हणून मागच्या बाजूला टोचणीने ‘डा’ किंवा ‘उ’ कोरून ठेवा. पेनने लिहिलेलं थिनरने जातं.

स्क्रू गंजून बसला असेल, तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि 24 तास थांबा. मग खाचेत नीट, घट्ट बसणारा पेचकस घ्या. अरुंद पेचकसाने खाच एकदा खाल्ली की पुढचं सगळं अवघड होतं. तरीही हलला नाही, तर सोल्डरिंगची इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा. स्क्रू तापून फुगतो, गार होताना आटे सुटतात. पण ही इस्त्री फक्त धातूच्या मोनोग्रामसाठी, आणि तीही टाकी आधी धुऊन काठोकाठ पाण्याने भरल्यावरच वापरायची. डोकंच गेलं असेल, तर हॅक्सॉच्या पात्याने नवी खाच पाडता येते.

इथे एक इशारा मोठ्या अक्षरात छापण्यासारखा आहे. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. टाकीवर ड्रिल, ग्राइंडर, डाग देणं (सोल्डरिंग), ब्रेझिंग (पितळेने सांधणं), काहीही करण्याआधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि काम करताना पाण्याने भरून ठेवा. गॅस वेल्डिंगवाला ‘टाकी महिनाभर कोरडीच पडून आहे’ म्हणाला, तरी हे चुकवू नका.

चिकटवलेला मोनोग्राम पेचकस घालून उचकटू नका. पत्र्याला पोचा येतो आणि मोनोग्राम मधोमध वाकतो. केस वाळवायच्या यंत्राने हात लावता येईल इतपत गरम करा, मग मागून तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. उरलेला चिकटा रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने निघतो. थिनर मात्र प्लॅस्टिकच्या मोनोग्रामला लावायचा नाही. अॅक्रिलिकवर थिनर किंवा पेट्रोल पडलं, की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. त्याला साधं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

आता धातू ओळखायचा. हे काम प्लेटिंगवाल्यावर सोडलं, की मोनोग्राम गेलाच समजा. लोहचुंबक चिकटला तर लोखंडी पत्रा. चिकटला नाही, तर मागच्या बाजूला कानस हलकी फिरवा: पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट आणि हाताला जड लागलं तर जस्ताचं डायकास्ट (साच्यात ओतलेलं), पांढरं आणि हलकं असेल तर अॅल्युमिनियम. टाक्यांवरचे आणि साइड पॅनेलवरचे क्रोम केलेले जाड मोनोग्राम बहुधा जस्ताचे असतात. जस्त आम्लात विरघळतं आणि कॉस्टिक सोड्यामध्येही विरघळतं. आपल्याकडच्या प्लेटिंगच्या दुकानात जुनं क्रोम-निकेल उतरवण्यासाठी सायलेन्सर आणि हँडल ज्या हौदात बुडवतात, त्याच हौदात मोनोग्राम गेला तर थोड्याच वेळात अक्षरांची चाळणी होते. त्यामुळे दुकानात देताना ‘हे जस्त आहे’ असं तोंडी सांगून थांबू नका. तारेने चिठ्ठी बांधा, आणि जस्तावर काम करतो का, हे आधी विचारा. जस्तावर थेट निकेल धरत नाही. आधी सायनाइडच्या हौदातलं तांबं, त्यावर आम्लाच्या हौदातलं जाड तांबं, मग निकेल, मग क्रोम असा क्रम लागतो. पहिला थर नीट बसला नाही, तर पुढचे सगळे थर पापडासारखे फुगून निघतात. छोट्या दुकानात ही सोय नसते. ज्याच्याकडे नाही, त्याने ‘करून देतो’ म्हटलं तरी देऊ नये.

क्रोमवर फोड आले असतील, तर खाली जस्त खाल्लं गेलेलं असतं. प्रत्येक खड्डा बारीक बिटने तळापर्यंत कोरून पांढरा धातू दिसू द्यावा लागतो. तांब्याचा थर देऊन घासायचा, पुन्हा द्यायचा, असं खड्डा भरेपर्यंत करावं लागतं. याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून आमचं प्रामाणिक मत असं, की थोडे फोड असतील तर प्लेटिंगच करू नका. साबण, मऊ ब्रश, जरासं क्रोम पॉलिश आणि वरून मेण, इतकंच करा. पन्नास वर्षांचा मोनोग्राम पन्नास वर्षांचा दिसला तर बिघडलं काय? आणि बफवर (पॉलिशच्या चाकावर) दिलात, तर कारागिराजवळ उभे राहा. चाकावर जोर दिला, की सगळ्यात आधी अक्षरांच्या कडा जातात आणि कडा गेल्या की मूळ आणि नकली यांत फरक उरत नाही.

मीनाकाम केलेले मोनोग्राम त्याहून नाजूक. काचेची पूड धातूवर सुमारे 800 अंश सेल्सिअसला वितळवून ते बनतात. वाकवले की काच टवका होऊन उडते. मागच्या खुंट्या डाग देऊन बसवलेल्या असल्या, तर तो डाग 183 अंशांच्या आसपासच वितळतो, त्यामुळे भट्टीत पुन्हा मीना चढवायला गेलं की खुंट्या गळून पडतात. उडालेला टवका रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरावा आणि वाळल्यावर 1500 किंवा 2000 नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करावा.

खोलगट अक्षरांमधला रंग भरायला ब्रशपेक्षा सिरिंज बरी. एनॅमल रंग दुधाइतका पातळ करून थेंब सोडला, की तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. दिवसभर वाळू द्या. मग जाड पुठ्ठ्याला सुती कापड गुंडाळून, टर्पेंटाइनने जेमतेम ओलं करून, वर आलेल्या क्रोमवरून एकदाच फिरवा. कापड मऊ गुंडाळलं तर ते खाचेत शिरतं आणि भरलेला रंग उचलतं. पारदर्शक प्लॅस्टिकचा, मागून रंगवलेला मोनोग्राम असेल, तर सगळं उलटं: आधी अक्षरं, ती वाळल्यावर पार्श्वभूमी.

आता टाकीकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. स्क्रूने बसणाऱ्या मोनोग्रामसाठी टाकीच्या पत्र्यात बंद तळाची छोटी घरं ब्रेझ केलेली असतात. घराच्या तळापलीकडे पेट्रोल असतं. मूळ स्क्रू हरवला आणि कोणी हाताला आला तो लांब स्क्रू पिळला, तर तो तळ फोडतो आणि मोनोग्रामच्या मागून पेट्रोल झिरपू लागतं. गळती दिसते मोनोग्रामखाली, म्हणून लोक सील लावत बसतात, पण भोक आत असतं. यावर उपाय साधा आहे. काडेपेटीची काडी घरात घालून खोली मोजा, त्यात मोनोग्रामची आणि वायसरची जाडी मिळवा, आणि स्क्रू त्याहून दीड मिलिमीटर आखूड ठेवा.

दुसरी भानगड आट्यांची. इंग्लंडच्या ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टनवर, आणि त्याच परंपरेतून मद्रासला तयार झालेल्या जुन्या बुलेटवर, बारीक स्क्रूंना बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे भेटतात. जावा चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्याची, म्हणून तिचं सगळं मेट्रिक. 2 बीएचा स्क्रू 4.7 मिमी जाड आणि त्याच्या आट्यांचं अंतर 0.81 मिमी. मेट्रिक 5 चा स्क्रू 5 मिमी आणि अंतर 0.8. दोन्ही इतके जवळ आहेत, की 5 चा स्क्रू जोर लावून दोन-तीन वेटोळी जातो आणि मग घराचे आटे घेऊनच बाहेर येतो. 4 बीए 3.6 मिमीचा, त्यात मेट्रिक 4 घालणारेही कमी नाहीत. शिवाय बीए आट्यांचा कोन 47.5 अंश आणि मेट्रिकचा 60, त्यामुळे जो बसल्यासारखा वाटतो तोही नीट पकडत नाही. बीए स्क्रू गावात मिळाला नाही, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी कोणताही चांगला टर्नर पितळेचे चार स्क्रू काढून देईल. नमुना मात्र मूळ स्क्रूचा द्या. आणि डोकं खाचेचं ठेवा. साठच्या दशकातल्या इंग्लिश गाडीच्या टाकीवर चौफुलीच्या डोक्याचा स्टेनलेस स्क्रू लांबून खुपतो. स्टेनलेसचा आणखी एक तोटा आहे. जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या मोनोग्रामला तो लागला आणि कोकणातली दमट हवा मिळाली, की स्क्रूभोवती पांढरी पूड जमते आणि मोनोग्राम भोकापासून खात जातो. निकेल केलेलं पितळ बरं. तेही आट्यांवर थोडं ग्रीस लावूनच बसवावं.

टाकी पेंटरला देताना प्रत्येक घरात ग्रीस लावलेला जुना स्क्रू डोकं वर ठेवून पिळून द्या. त्यामुळे लांबी, प्रायमर, रंग, काहीही आत जात नाही. तरी रंग गेलाच, तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवा. अर्धा वेढा पुढे, पाव मागे. ड्रिलला टॅप लावू नका.

आणि पेंटरला एक गोष्ट बजावून सांगा: मोनोग्रामच्या जागी लांबी नको. तिथे पोचा असेल तर ठोकून काढावा. लांबीचा दोन मिलिमीटरचा थर बसला, की मोनोग्राम तीन ठिकाणी टेकतो आणि चौथा कोपरा हवेत राहतो. तो बसवायला स्क्रू आवळला, की एकतर जस्त तडकतं किंवा लांबीला चीर जाते, आणि त्या चिरेतून पेट्रोल रंगाखाली शिरतं. प्रायमरआधी मोनोग्राम बसवून पाहायचा तो याचसाठी. पाठीमागे एक कागदाची पट्टी सरकवत चारी बाजूंनी फिरवा. कुठे मोकळी जाते, कुठे अडते, ते लगेच समजतं.

टूलबॉक्स आणि साइड पॅनेलवरचे मोनोग्राम खुंट्यांचे असतात. खुंटी भोकातून पलीकडे जाते आणि तिच्यावर दातेरी स्प्रिंगची टोपी दाबून बसवतात. ही टोपी एकदा बसली की परत निघत नाही. उचकटायला गेलात तर ती राहते आणि खुंटी मोडते. टोपी बारीक कात्रीने किंवा निपरने कापा. नवी घालताना मोनोग्राम घडी घातलेल्या कापडावर पालथा ठेवा आणि खुंटी आत जाईल अशा छोट्या सॉकेटने टोपी सरळ दाबा. तिरकी दाबली की खुंटी वाकते, आणि जुनं जस्त दुसऱ्यांदा वाकत नाही, मोडतं.

मोडलेल्या खुंटीला डाग देण्याचा प्रयत्न करू नका. हा जस्ताचा मिश्रधातू 380 अंशांच्या थोडं वर वितळतो आणि गॅसच्या ज्योतीखाली पुढची बाजू एका क्षणात घसरते. मोडकी जागा कानसने सपाट करा. 2 मिमीच्या बिटला टोकापासून अडीच मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे आरपार जाणार नाही. भोकात मेट्रिक 2.5 चा टॅप फिरवा आणि पितळेचा आटेदार तुकडा सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीत बुडवून बसवा. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी उष्णतेला आणि पाण्याला टिकत नाही. दिवसभर हलवू नका. पाठीला भोक पाडण्याइतकी जाडी नसेल, तर नाण्याएवढ्या पितळी चकतीवर खुंटी बसवून ती चकती पाठीला चिकटवावी, आधी दोन्ही पृष्ठभाग 80 नंबरच्या पेपरने खरवडून. टोपीऐवजी आता नट लागेल. नटखाली फायबरचा वायसर घाला.

रंग पूर्ण पिकेपर्यंत मोनोग्राम चढवू नये. टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग हाताला वाळला तरी त्यातलं सॉल्व्हंट पुढे काही दिवस बाहेर पडत असतं. किमान दोन आठवडे थांबा, एनसी (जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज) रंगाला त्याहून जास्त. घाई केली तर मोनोग्रामचा ठसा रंगात रुततो, आणि चिकटपट्टीवाला असेल तर खालून वायू अडून बुडबुडे येतात. टाकीवर मोनोग्रामखाली घालायची पातळ गादी नायट्राइल रबरची असावी. दुकानात दारं-खिडक्यांना लावायचं जे ईपीडीएम रबर मिळतं, ते पाण्याला उत्तम, पण पेट्रोल लागलं की फुगतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या पद्धतीच्या एनसी रंगावर त्याचा थेंब ओघळला तर रंग मऊ पडतो, आणि मोनोग्रामच्या आडोशाला थेंब साचून राहतो. टाकीच्या झाकणाचं वायसर बदलल्याशिवाय मोनोग्राम चढवण्यात अर्थ नाही.

आवळताना बोटाने टेकेपर्यंत आणि मग पाव वेढा. एवढंच. दोन्ही स्क्रू आळीपाळीने घ्या. प्लॅस्टिकच्या मोनोग्रामजवळ थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारं द्रव) नको, त्याने प्लॅस्टिक तडकतं. स्क्रू सुटू नये म्हणून आट्यावर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. सुपरग्लूने आजूबाजूच्या क्रोमवर आणि रंगावर पांढुरकी वाफ बसते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला गंज आणतं, आणि कोणतंही सिलिकॉन एकदा लागलं की पुढच्या वेळी तिथे रंग धरत नाही. मुळातच चिकटवलेला मोनोग्राम असेल, तर गाड्यांसाठीची दुहेरी फोम टेप घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदाच टेकवा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि तीन दिवस गाडी धुऊ नका. खालच्या कडेला थोडी जागा मोकळी ठेवा. सगळीकडून बंद केलं तर पावसाचं पाणी आत राहतं.

नवा घ्यायचीच वेळ आली, तर दिल्लीचं करोल बाग, मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे आधी मूळ जुना शोधा. नकली मोनोग्राम बहुधा मूळ मोनोग्रामवरूनच साचा काढून ओततात. ओतलेला धातू गार होताना आक्रसतो, त्यामुळे तो मुळाहून किंचित लहान येतो आणि स्क्रूंची भोकं जुळत नाहीत. मग टाकीतलं घर कोरून मोठं केलं जातं. कोरायचंच असेल तर मोनोग्रामचं भोक कोरा, टाकीला हात लावू नका. आणि वर्षाशी जुळणाराच घ्या. म्हैसूरच्या कारखान्यातून 1973 पासून गाड्या येझदी नावाने निघू लागल्या. त्या गाडीवर जावाचा मोनोग्राम लावणं म्हणजे तिची ओळख पुसणं. मद्रासमध्ये 1955 साली एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि 1994 मध्ये ती आयशरकडे गेली. मधल्या काळातल्या बुलेटवर आजच्या शोरूममधला मोनोग्राम शोभत नाही.

चॅसिसवरची नंबरची पट्टी मात्र काढूच नका. ती रिव्हेटने बसवलेली असते, त्यामुळे झाकून रंगवावी. तिच्याभोवती ग्राइंडर फिरवला आणि एखादा आकडा पुसट झाला, तर पुढे आरटीओत उत्तर द्यावं लागतं. केंद्राने 2021 मध्ये 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचे नंबर सुरू केले आहेत. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, फेरनोंदणीला 5 हजार आणि मुदत 10 वर्षं. गाडी मूळ रूपात हवी, ही त्यातली अट आहे. नोंदणीसाठी गाडी नेण्याआधी जुने फोटो, बटर पेपरवरचा आराखडा आणि बदललेले मूळ स्क्रू एका पाकिटात घालून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. पुढच्या मालकाला टाकी पुन्हा रंगवावी लागेल, तेव्हा त्याला हेच लागणार आहे.

आपले,
जुन्या मोटारसायकलींचं काम करणारे काही वाचक, कोल्हापूर